लघुव्यावसायिकाचे आवाहनवाक्य : खेडच्या बाजारपेठेच्या संदर्भात एक भाषिक विचार

१. प्रास्ताविक

पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरील 'व्यावहारिक मराठी' अथवा 'उपयोजित मराठी' या अभ्यासपत्रिकांत जाहिरातलेखनाला आता स्थिर स्थान मिळालेले आहे. मात्र वर्गात आणि उत्तरपत्रिकेत या घटकाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा जाहिरातीच्या मथळ्यावर, अनुप्रासावर, यमकावर आणि घोषवाक्याच्या चटपटीतपणावर खिळलेले असते. जाहिरातीचे शेवटचे वाक्य, म्हणजे वाचणाऱ्याने नेमके काय करावे हे सांगणारे वाक्य, सहसा तपासले जात नाही. 'अवश्य भेट द्या', 'संपर्क साधा', 'त्वरा करा' यांपैकी एखादा ठरीव शब्दसमूह तेथे आला, की उत्तर पूर्ण झाले असे विद्यार्थी मानतो आणि परीक्षकही मानतो.

मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत हा आळस खपून जातो. तिची जाहिरात शंभर वेळा डोळ्यांपुढे येते. एका वाक्याचे अपयश दुसऱ्या वाक्याने भरून निघते. लहान दुकानदार, घरगुती उद्योग चालवणारी स्त्री किंवा बचतगट यांच्या हाती मात्र एखादे हस्तपत्रक, दारावरची पाटी, फार तर दूरध्वनीवर पाठवायचा चार ओळींचा मजकूर एवढेच साधन असते. त्या चार ओळींतील शेवटच्या वाक्याने गिऱ्हाईक उठून आले नाही, तर छपाईचा खर्च आणि हंगाम दोन्ही वाया जातात. त्यामुळे हा प्रश्न वाक्यरचनेचा असला तरी कुणाच्या तरी उदरनिर्वाहाशी जोडलेला आहे.

अशा वाक्यास प्रस्तुत लेखात 'आवाहनवाक्य' म्हटले आहे. 'आवाहन' म्हणजे बोलावणे. 'आव्हान' म्हणजे झुंजीस पाचारणे. हस्तपत्रकांत 'ग्राहकांना आव्हान' असे छापलेले आढळते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात नसलेली अर्थच्छटा कागदावर उमटते. आवाहनवाक्याचे सामर्थ्य क्रियापदाच्या जोरावर किंवा उद्गारचिन्हांच्या संख्येवर अवलंबून नसून कोणी, काय, कशाने आणि कसे या प्रश्नांना ते देत असलेल्या उत्तरांवर व बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील खऱ्या नात्यावर अवलंबून असते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड ही बाजारपेठ समोर ठेवली आहे. पुढे आलेले हस्तपत्रकांचे नमुने या लेखासाठीच रचलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट दुकानाचे नाहीत.

२. खेडचे गिऱ्हाईक

आवाहन कोणाला करावयाचे हे ठरल्याशिवाय त्याची भाषा ठरत नाही. जगबुडी नदीच्या काठी वसलेले खेड हे तालुक्याचे ठिकाण आहे. भरणे नाक्यावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. १९९८ साली पूर्णपणे सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर खेड हे स्थानक आहे. लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहत याच तालुक्यात मोडते. या बाजारात येणारे गिऱ्हाईक स्थूलमानाने तीन प्रकारचे आहे. पहिले, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून नित्य येणारे. दुसरे, गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येणारे मुंबईकर चाकरमानी. ईदच्या सुमारास आखातातून अथवा मुंबईतून घरी परतणारी कोकणी मुसलमान कुटुंबे याच वर्गात येतात. तिसरे, महामार्गावरून वा रेल्वेतून जाणारे, ज्यांची दुकानदाराशी ओळख नाही आणि जे पुन्हा भेटतीलच असे नाही.

या तिघांना एकच वाक्य लागू पडत नाही. नित्याच्या गिऱ्हाइकास 'एकवार अवश्य भेट द्या' असे सांगणे हास्यास्पद आहे. तो दुकानावरून रोज जातो. त्याला काय नवीन आले, केव्हा मिळेल, उधारी चालेल की नाही, हे हवे असते. चाकरमान्याजवळ दिवस मोजके असतात आणि परतीच्या सामानाची चिंता असते. वाटसरूला थांबण्यास कारण हवे असते आणि फसवणूक होणार नाही याची खात्री हवी असते. 'सर्व ग्राहकांना नम्र विनंती' अशी सर्वांना उद्देशून केलेली विनंती म्हणूनच बहुधा कोणाच्याच कानी पडत नाही.

३. विधिवाक्याची मीमांसा

'करा' असे सांगणारे वाक्य ऐकणाऱ्याला कृतीस कसे प्रवृत्त करते, हा प्रश्न भारतीय परंपरेत सर्वाधिक बारकाईने पूर्वमीमांसकांनी हाताळला. त्यांचा विषय यज्ञ होता, व्यापार नव्हता. तरीही त्यांनी केलेले विधिवाक्याचे विश्लेषण आपल्या प्रश्नास उपयोगी पडते.

स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने याग करावा, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. या वाक्यातील क्रियापदात ते दोन व्यापार पाहतात. ऐकणाऱ्याला प्रवृत्त करणारा शब्दाचा व्यापार ही शाब्दी भावना. आणि प्रवृत्त झालेल्या माणसाचा फळ मिळवण्याचा व्यापार ही आर्थी भावना. आर्थी भावनेला तीन आकांक्षा असतात : काय साधावयाचे, कशाने साधावयाचे आणि कोणत्या रीतीने साधावयाचे. यांनाच अनुक्रमे साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता अशी नावे आहेत. उदाहरणातील स्वर्ग हे साध्य, याग हे साधन आणि त्याची अंगभूत कर्मे ही इतिकर्तव्यता. याखेरीज त्या वाक्यात आणखी एक गोष्ट सांगितली आहे : हे कोणी करावयाचे. स्वर्गाची इच्छा असणारा हा त्या विधीचा अधिकारी होय.

आता एक नमुना घेऊ. खेड तालुक्यातील एखादा घरगुती उद्योग कोकमाचे आगळ विकतो असे समजू. त्याचे हस्तपत्रक असे आहे : 'चवदार! दर्जेदार! अस्सल कोकणी मेवा! आता खरेदी करा! अधिक माहितीसाठी संपर्क साधा!' या मजकुरात पाच उद्गारचिन्हे आहेत. परंतु मीमांसकांच्या चारही प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नाही. हे आगळ कोणी घ्यावयाचे? घेऊन काय साधणार? नेमके काय आणि किती घ्यावयाचे? कोठे, केव्हा, कसे? 'संपर्क साधा' हे वाक्य इतिकर्तव्यतेचा सगळा भार गिऱ्हाइकावर टाकते. उत्तरे त्यानेच विचारून मिळवावीत अशी अपेक्षा करते.

'चवदार', 'दर्जेदार', 'अस्सल' हे शब्द अर्थवादाच्या जातीचे आहेत. विधीची प्रशंसा करून ऐकणाऱ्याचा उत्साह वाढवणारे वाक्य म्हणजे अर्थवाद. मीमांसकांनी त्याचे स्थान नेमके ठरवले आहे : अर्थवाद शाब्दी भावनेला साहाय्य करतो, विधीशी एकवाक्यता पावूनच तो सार्थ होतो. सुट्या प्रशंसेला प्रयोजन नाही. आपल्या जाहिरातींत विधी कृश आणि अर्थवाद पुष्ट झालेला दिसतो, आणि विद्यार्थ्यांना आपण गुण देतो तेही मुख्यतः अर्थवादाच्या सजावटीसाठी.

याच विवेचनातील आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय असल्यामुळे तेथील प्रेरणा शब्दाच्याच ठायी असते. लौकिक वाक्याचे तसे नाही. तेथे प्रेरणा हा सांगणाऱ्या पुरुषाचा अभिप्राय असतो. दुकानदाराचे वाक्य अर्थातच लौकिक आहे. त्यामागे माणूस आहे, त्याची पत आहे, त्याचा हेतू आहे. तो हेतू संशयास्पद ठरला तर वाक्य कितीही सुबक असले तरी त्याची प्रेरकशक्ती नाहीशी होते.

४. मराठी क्रियापदाने दिलेले पर्याय

केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. मराठी व्याकरणपरंपरेत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे जे अर्थ मानले जातात, त्यांपैकी आवाहनास मुख्यतः दोन उपयोगी पडतात. आज्ञार्थातून आज्ञेखेरीज विनंती, उपदेश, प्रार्थना, आशीर्वाद या छटा व्यक्त होतात. विध्यर्थातून कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता इत्यादी. आवाहन लिहिणाऱ्याला यांतून निवड करावी लागते, आणि प्रत्येक रूप बोलणारा व ऐकणारा यांच्यात वेगळे अंतर निर्माण करते.

'या' हे आज्ञार्थाचे रूप उघड आणि आपुलकीचे आहे. दारात उभा असलेला माणूस ते बोलतो. 'यावे' हे विध्यर्थी रूप संस्कृतातील '-तव्य' या प्रत्ययाच्या वंशातले. त्यात कर्ता तृतीयेत जातो, आणि कर्म असल्यास क्रियापद कर्माप्रमाणे चालते : 'ग्राहकांनी पेटी न्यावी', 'ग्राहकांनी आंबे न्यावेत'. अर्थात या रचनेत सांगणारा मागे सरतो आणि करावयाची कृती पुढे येते. म्हणूनच ती आदरार्थी बोलण्यास उपयोगी पडते, आणि त्याच कारणाने ती कचेरीची भाषाही बनली आहे. 'अर्ज करावा', 'रांगेत उभे राहावे', 'याची नोंद घ्यावी' या सूचनांनी '-आवे' या रूपाला शासकीय वास लागला आहे. लहान दुकानाच्या पाटीवर 'ग्राहकांनी सुटे पैसे द्यावेत' हे वाचले की दुकान क्षणभर तिकीटखिडकी होते. याउलट 'अगत्य येण्याचे करावे' हे लग्नपत्रिकेतील वळण त्याच विध्यर्थाचे असूनही आर्जवी वाटते, कारण ते यजमानाच्या तोंडचे म्हणून आपल्या ओळखीचे आहे. रूप एकच, परंतु त्यामागे कारकून उभा आहे की यजमान, हे शेजारचे शब्द ठरवतात.

संयुक्त क्रियापदांची साधनसामग्री याहूनही समृद्ध आहे. 'खा' आणि 'खाऊन पाहा' यांत फरक आहे. '-ऊन पाहणे' या रचनेत चाचणीचा भाव असतो. निर्णय पुढे ढकलून केवळ अनुभव घेण्यास ती सुचवते. गिऱ्हाइकाच्या मनावरील ओझे ती कमी करते. पण ती वापरणाऱ्याने चाचणीची सोय खरोखर केलेली असली पाहिजे. 'एकदा वापरून पाहा' असे म्हणून लगेच पूर्ण किंमत मागणाऱ्या वाक्यात व्याकरणाने दिलेले वचन व्यवहार मोडतो. तसेच '-ऊन घेणे' या रचनेत कृतीचा लाभ कर्त्याकडे वळतो. 'मागणी नोंदवा' या वाक्यात गिऱ्हाईक दुकानदाराचे काम करतो. 'आपली पेटी राखून घ्या' यात तो स्वतःचे काम करतो. कृती तीच; परंतु 'घेणे' या सहायक क्रियापदाने लाभ कोणाचा हे स्पष्ट होते.

विध्यर्थ आणि आज्ञार्थ यांपलीकडेही मराठीत आवाहन करता येते. 'याल ना?' हा भविष्यकाळी प्रश्न, 'यायचं हं' हे घरगुती बजावणे, 'येऊन तर बघा' यातील 'तर' हे अव्यय ही सारी रूपे नित्याच्या गिऱ्हाइकाशी बोलताना सहज येतात. पहिल्यांदाच भेटणाऱ्या वाटसरूला मात्र 'यायचं हं' म्हणणे ही सलगी ठरेल. 'आपण' आणि 'तुम्ही' यांतील निवडही याच तत्त्वाने करावी. एकाच पत्रकात वर 'आपण' आणि खाली 'तुमचे' असा घोळ झाला, तर बोलणारा कोण आहे हेच वाचकाला कळेनासे होते.

५. प्रभू, सुहृद आणि कांता

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची प्रयोजने सांगताना उपदेशाच्या रीतींचा भेद केला, तो अभ्यासकांस परिचित आहे. वेदादी शास्त्रांचा उपदेश प्रभूसारखा, पुराणेतिहासांचा सुहृदासारखा आणि काव्याचा कांतेसारखा. मम्मटाचा हेतू काव्याचे श्रेष्ठत्व दाखवण्याचा होता. परंतु आवाहनवाक्याच्या बाबतीत हे वर्गीकरण वेगळ्या प्रकारे उद्बोधक ठरते.

मोठ्या जाहिरातसंस्थांनी कांतासंमित मार्ग पूर्णत्वास नेला आहे : वस्तूचे नाव न घेता सुख दाखवायचे, चित्र, गाणे आणि गोष्ट यांतून मन वळवायचे. या मार्गास वेळ, पैसा आणि पुनरावृत्ती लागते. लहान व्यावसायिकापाशी तिन्ही नसतात. तो मग दुसऱ्या टोकाला जातो आणि 'त्वरा करा', 'संधी दवडू नका' अशा प्रभुसंमित आज्ञा सोडतो. परंतु प्रभूचा अधिकार त्याच्यापाशी नसतो. खेडसारख्या गावात त्याला सहज उपलब्ध असलेला मार्ग सुहृत्संमित आहे. मित्र हुकूम सोडत नाही, भुलवतही नाही. असे केले तर असे होते, असे केले नाही तर अमुक अडचण येते, हे तो सांगतो आणि निर्णय आपल्यावर सोपवतो. 'निघण्याच्या दोन दिवस आधी सांगितलेत तर बाटल्या बांधून तयार ठेवू' हे संकेतार्थाच्या वळणाचे वाक्य मित्राचे आहे. त्यात आज्ञार्थाचे एकही रूप नाही. तरी चाकरमान्याला काय करायचे ते त्यातून नेमके कळते.

६. 'आता', 'आजच' आणि खरी निकड

आवाहनात काळवाचक शब्द येतोच. अलीकडे दूरध्वनीच्या पडद्यावरून 'आता खरेदी करा' हे वाक्य सर्वत्र पसरले आहे. ते इंग्रजी रचनेचे शब्दशः रूपांतर आहे हे सांगावयास नकोच. परंतु त्यात नेमके काय बिघडते ते पाहणे आवश्यक आहे. मराठीत आज्ञार्थाच्या आधी आलेला 'आता' हा पुष्कळदा उद्वेग किंवा उपरोध व्यक्त करतो. 'आता बसा रडत', 'आता भोगा', नुसते 'आता घ्या!' ही बोलण्यातील वाक्ये आठवावीत. तातडी सांगण्यासाठी मराठीत 'आजच', 'लगेच', 'आत्ताच' अशी 'च'कारयुक्त किंवा स्वतंत्र रूपे आहेत. 'आता खरेदी करा' हे वाक्य चुकीचे नाही, परंतु ते मराठी कानाला किंचित परके आणि किंचित रुक्ष लागते.

याहून महत्त्वाचा प्रश्न निकड खरी आहे काय हा आहे. 'शेवटचे दोन दिवस' ही पाटी महिनाभर तशीच राहिली, तर रोज त्या रस्त्याने जाणारे नित्याचे गिऱ्हाईक ती वाचते, मोजते आणि मनात नोंद करते. महानगरात अनोळखी गर्दी बदलत राहते. तालुक्याच्या गावी गर्दी तीच असते. खोट्या निकडीचा दंड येथे अधिक लवकर भरावा लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत नमूद केलेल्या तेरा प्रकारांत खोटी निकड निर्माण करणे हा पहिला प्रकार आहे. दूरध्वनीवरून मालविक्री करणाऱ्या लहान व्यावसायिकांनीही ही बाब ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

वस्तुतः कोकणातील व्यावसायिकाला खोटी निकड निर्माण करण्याची गरजच नसते. निसर्ग आणि पंचांग यांनी त्याला खरी निकड भरपूर दिली आहे. हापूसचा हंगाम पावसाबरोबर संपतो. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते, त्यापूर्वी बियाणे घरात यावे लागते आणि छप्पर शाकारून व्हावे लागते. गणपतीच्या मूर्तीची मागणी चतुर्थीच्या आदल्या दिवशी नोंदवता येत नाही. चाकरमान्याच्या परतीच्या गाडीची वेळ ठरलेली असते. 'त्वरा करा' याऐवजी 'मृगापूर्वी', 'चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी', 'पहिला पाऊस पडेपर्यंत' असे लिहिल्याने वाक्याला कारण मिळते. अशी मुदत गिऱ्हाइकाच्या अनुभवातली असते, म्हणून ती त्याला पटते.

७. न बोललेले आवाहन

प्रत्येक आवाहनात आज्ञार्थ किंवा विध्यर्थ असतोच असे नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत, बोलणे हीच एक कृती असते हा विचार मांडला. पुढे जॉन सर्ल यांनी अशा भाषिक कृतींचे वर्गीकरण करून ऐकणाऱ्यास काही करावयास लावणाऱ्या उक्तींचा स्वतंत्र वर्ग मानला. वाक्याचे व्याकरणिक रूप विधानाचे असूनही त्याने केलेली कृती विनंतीची असू शकते, हे या विचारातून स्पष्ट होते. आपल्या परंपरेत हे क्षेत्र व्यंजनेचे.

जगबुडीच्या पुराचे पाणी खेडच्या बाजारात शिरणे हे या गावाला नवे नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणबरोबरच खेडलाही महापुराने वेढले होते. अशा पुरानंतर, चिखल काढून झाल्यावर, दारावर लावलेल्या 'दुकान सुरू आहे' एवढ्याच पाटीचा विचार करावा. व्याकरणाने हे स्वार्थी क्रियापदाचे साधे विधान आहे. परंतु त्यातून आम्ही टिकलो आहोत, माल आहे, तुम्ही पूर्वीसारखे या, असा अर्थ ध्वनित होतो. त्या पाटीवर 'भरघोस सवलत, त्वरा करा' असे लिहिले असते तर हा ध्वनी नष्ट झाला असता. मिठाईच्या वा खाद्यपदार्थांच्या दुकानांवर दिसणारे 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाक्यही असेच. वरवर ते उणिवेची कबुली देते. ध्वनित मात्र असे होते, की हा पदार्थ हवा असेल तर येथेच यावे लागेल.

सर्ल यांनी अशा उक्तींसाठी सांगितलेल्या अटींपैकी एक येथे विशेष उपयोगी आहे : सांगितलेली कृती करणे ऐकणाऱ्याला शक्य असले पाहिजे. पत्ता अर्धवट, वेळ न दिलेली, उचलला न जाणारा दूरध्वनी, आठवड्याच्या सुटीचा उल्लेख नाही, अशा स्थितीत 'भेट द्या' ही उक्ती निष्फळ ठरते. मीमांसकांची इतिकर्तव्यता आणि सर्ल यांची ही अट, दोन दूरच्या परंपरांतून आलेल्या असल्या तरी, येथे एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

८. आवाहनाची मर्यादा : नांगराचे उदाहरण

आवाहनवाक्य एकट्याने सर्व काही साधत नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडामुळे जमिनीला विष बाधते असा समज शेतकऱ्यांत होता आणि सुरुवातीस नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. अशा वेळी 'नांगर घ्या' हे वाक्य कितीही सुंदर लिहिले असते तरी ते भीतीवर आपटून परत आले असते. किर्लोस्कर कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी निघालेल्या या पत्राचे पुढे मराठीतील एका महत्त्वाच्या मासिकात रूपांतर झाले, हा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. 'खबर' हे नावच बोलके आहे : आवाहनाआधी माहिती.

आगळाच्या उदाहरणात भीती लहान असते, पण असते : बाटली गाडीत गळेल काय? आगळ फार खारट असेल काय? किती दिवस टिकेल? या प्रश्नांना उत्तर न देता केलेले आवाहन अपुरे राहते. म्हणून अर्थवादाची जागा शंकानिरसनाने घ्यावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

९. नमुन्याची पुनर्रचना

वरील विवेचनाच्या आधारे आगळाचे पत्रक, गणपतीसाठी आलेल्या चाकरमान्यांना उद्देशून, पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

'गणपतीला गावी आलेल्यांसाठी. मुंबईस परतताना घरचे कोकम आगळ न्यायचे असेल, तर निघण्याच्या दोन दिवस आधी दुकानात किंवा दूरध्वनीवर सांगून ठेवा. बाटल्या गळणार नाहीत अशा बांधून तयार ठेवू. आगळात मीठ आहे. सार आणि सोलकढी करताना वेगळे मीठ बेताने घालावे. आधी चव पाहा, आवडले तरच न्या. सकाळी नऊ ते रात्री आठ. विसर्जनाच्या दिवशी दुकान बंद.'

यातील पहिले वाक्य अधिकारी सांगते. 'मुंबईस परतताना न्यायचे असेल' हे साध्य; घरचे आगळ हे साधन; दोन दिवस आधी सांगणे, बांधलेल्या बाटल्या आणि दुकानाची वेळ ही इतिकर्तव्यता. 'सांगून ठेवा' यातील 'ठेवणे' पुढील सोयीचा भाव आणते. 'चव पाहा' यातील चाचणी खरी आहे. मिठाविषयीची सूचना विध्यर्थात आहे, कारण तो पाककृतीचा संकेत आहे. आवाहन मात्र आज्ञार्थात आहे, कारण ते समोरासमोरचे बोलणे आहे. 'आवडले तरच' या दोन शब्दांत सुहृदाचा स्वर आहे. एकही विशेषण प्रशंसेचे नाही आणि एकही उद्गारचिन्ह नाही. हेच पत्रक महामार्गावरील वाटसरूसाठी लिहायचे झाल्यास ते पूर्णतः बदलावे लागेल; तेथे दोन दिवस आधी सांगण्याला अर्थ नाही. 'चव पाहायला थांबा. गाडी लावायला जागा आहे' एवढेच तेथे पुरे.

१०. समारोप

महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात या नियमाची व्याप्ती २०२२ सालच्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांपर्यंतही वाढवण्यात आली. लहान व्यावसायिकाच्या दारी त्यामुळे देवनागरी अक्षरे आली, ही इष्ट गोष्ट आहे. परंतु कायद्याने लिपी येते. वाक्य लिहिणारा घडवावा लागतो, आणि ते काम मराठी विभागांचे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने विक्रीच्या भाषेत लक्ष घालावे काय, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. त्यास उत्तर असे, की आपण लक्ष घातले नाही तरी ती भाषा लिहिली जाणारच आहे. फक्त ती परभाषेतून उचललेल्या साच्यांत लिहिली जाईल. विध्यर्थ आणि आज्ञार्थ यांतील भेद, 'पाहणे', 'घेणे', 'ठेवणे' या सहायक क्रियापदांच्या छटा, अर्थवाद आणि विधी यांचे प्रमाण हे ज्ञान आपल्या वर्गांत आहे. ते व्याकरणाच्या आणि साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांत बंदिस्त राहिले आहे, एवढेच.

अध्यापकांनी यापुढे जाहिरातलेखनाच्या स्वाध्यायात विद्यार्थ्यास गावातील एखाद्या छोट्या व्यावसायिकाकडे पाठवावे, त्याचे गिऱ्हाईक कोण, हंगाम कोणता, गिऱ्हाइकाला कोणती शंका पडते हे विचारून यावयास सांगावे आणि मग केवळ शेवटचे वाक्य लिहून घ्यावे. उत्तर तपासताना चार प्रश्न विचारावेत : हे कोणासाठी आहे? त्याला काय मिळणार? त्याने नेमके काय करायचे? आणि ते करणे त्याला शक्य आहे काय? त्यानंतर पाचवा प्रश्न विचारावा : हे वाक्य लिहिणारा दुकानदार उद्या त्याच गिऱ्हाइकाला बाजारात भेटला, तर त्याला नजर चुकवावी लागणार नाही ना? खेडसारख्या गावात ही भेट हमखास होते. तिथे टिकणारे वाक्य अन्यत्रही टिकेल, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.